दौलतचा मागचा लाइट

दौलत सायकल स्टँडवर लावून लगेच आत येत नसे. आधी तिच्याभोवती एक चक्कर मारी. पुढचे चाक, चेन, ब्रेकचे रबर हे सगळे नजरेनेच. पण मागे आला की वाके, मडगार्डवर तळहात फिरवी, तिथला लाइट दोन बोटांत धरून हलवून बघे, आणि मगच कमरेची किल्ली काढून शाळेचे दार उघडी. मी पावणेदहाला पोचत असे आणि हे रोज पाहत असे.

आमच्याकडे शाळेतल्या शिपायाला अटेंडर म्हणतात. राज्याच्या सीमेपलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथच्या आमच्या हायस्कुलात दौलत अटेंडर होता आणि मी भौतिकशास्त्र शिकवीत असे. दोघेही एकाच समाजाचे. माझा बाप आणि त्याचा बाप एकाच पाटलाच्या शेतात सालदार होते. मला मामाने पांढरकवड्याला नेऊन शिकवले म्हणून मी खुर्चीवर बसलो. त्याला कोणी नेले नाही म्हणून तो ती खुर्ची पुसत होता. वयाने तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तरी मी त्याला "अरे दौलत" म्हणे आणि तो मला "सर". सकाळी पहिली भेट झाली की दोघेही "जयभीम" म्हणत असू. तेवढाच एक शब्द आमच्यात बरोबरीचा होता.

पांढरकवडा महाराष्ट्रात. तिथे शिकल्यामुळे माझे एक कायमचे उणे राहिले. मला तेलगू बोलता येई, वाचता येत नसे. मोडी लिहिल्यासारखी ती गोल गोल अक्षरे माझ्या डोळ्यांना नक्षीसारखी दिसत. दौलत चौथीपर्यंतच शिकलेला, पण टपाल घेऊन मंडल ऑफिसला, म्हणजे तालुक्याच्या कचेरीला, जाता जाता त्याने पाकिटावरच्या नावांवरून तेलगू अक्षरे ओळखायला सुरुवात केली, आणि पाचसहा वर्षांत तो सगळे वाचू लागला. हैदराबादहून परिपत्रक आले आणि हेडमास्तर जागेवर नसले, की मी ते हळूच दौलतपुढे धरी. तो खडू मोजण्याचे निमित्त करून माझ्याजवळ उभा राही आणि ओठ न हलवता वाचून दाखवी. मला येत नाही हे कोणाला कळू नये याची काळजी माझ्यापेक्षा तोच जास्त घेई.

हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे.

दौलत टाकळीहून येई, सहा किलोमीटर. त्यातले चार चंद्रपूरच्या डांबरी रस्त्याने. त्या रस्त्यावर सिमेंटच्या लॉऱ्या चालत, आणि दिवाळीनंतर कापूस निघाला की आदिलाबादच्या जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागे. त्याला दोन मुली. थोरली रुख्मिणी सातवी झाली आणि घरी बसली, कारण हायस्कूल लांब होते आणि आणणारे-नेणारे कोणी नव्हते. ती हुशार होती. तिचे लग्न झाले त्या दिवशी दौलत मला म्हणाला होता, की धाकटीला मी दहावीपर्यंत पाठीमागे बसवून नेईन, मग काय व्हायचे ते होवो. धाकटी बयना. ती आठवीत आली तेव्हापासून दौलतच्या कॅरिअरवर बसून शाळेत येऊ लागली. कॅरिअरवर पोत्याची घडी, घडीवर बयना, मांडीवर दप्तर.

आठवी-नववीत दोघे उजेडात घरी पोचत. दहावीला मात्र नोव्हेंबरपासून संध्याकाळचे जादा तास असत. तास संपून, दौलतची कुलपे लावून होईपर्यंत पूर्ण अंधार पडे. बयनाची आई चंपाबाई हिचा याला विरोध होता. तिचे म्हणणे साधे होते: तुमी पुढं बसता, पोरगी मागं बसते, आन् लॉरी मागून येते. दौलतने तिला शब्द दिला की मागे असा लाइट लावीन की अर्ध्या कोसावरून दिसेल. त्या बोलीवर बयनाची दहावी सुरू झाली.

तेव्हा त्याला लाइट म्हणजे शोभेची वस्तू नव्हती. तो लाइट टिकला तर मुलगी दहावी, नाही टिकला तर थोरलीसारखी घरी.

आणि दौलतने त्या विषयाचा अभ्यास केला होता. दहावीचे विद्यार्थी करीत नाहीत असा. आधीचे तीन मेलेले लाइट त्याने एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. एकदा मधल्या सुट्टीत त्याने ते प्रयोगशाळेच्या टेबलावर एकेक करून मांडले. पहिला चिमट्याने अडकवायचा. तो टाकळीच्या पुलावर हादऱ्याने निसटून पडला आणि फुटला. दुसरा प्लास्टिकचा, मे महिन्याच्या उन्हात सायकल उभी राहिली आणि तो खरबुजासारखा उकलला. तिसऱ्याचा पत्रा चांगला होता, पण तार एकच. परतीची वीज सायकलच्या सांगाड्यातून जायची. पावसाळ्यात सांगाड्याला गंज धरला आणि लाइट कधी लागे, कधी लागेना. पुढचा बल्ब गेला की डायनॅमोची सगळी वीज मागच्यावर येते आणि तोही उडतो, हेही त्याला अनुभवाने कळले होते. मी ते सूत्र लिहून शिकवीत असे. तो ते चार बल्ब घालवून शिकला होता.

त्यावरून त्याने ठरवले होते काय पाहिजे. वार्षिक परीक्षेच्या उरलेल्या पुरवणीचा एक तुकडा घेऊन त्याने ते लिहून काढले. अंग पत्र्याचे, पितळेचे मिळाले तर उत्तम. चिमटा नको, बोल्ट. तारा दोन. आणि सगळ्यांत खाली, दोनदा रेघ ओढून: काच जाड आणि पैलूंची, आतून खडबडीत, म्हणजे दिवा विझलेला असला तरी दुसऱ्या गाडीचा उजेड पडला की ती लाल चमकते.

त्याच आठवड्यात मी दहावीला डायनॅमो शिकवला. फळ्यावर चुंबक काढले, वेटोळे काढले, चाक फिरले की वीज कशी येते ते सांगितले. बयनाने हात वर केला.

"सर, गाडी उभी राह्यली तर?"

"तर दिवा विझतो," मी म्हणालो, आणि पुढच्या आकृतीकडे वळलो.

दरवर्षी दसऱ्याला मी नागपूरला दीक्षाभूमीवर जात असे. आमच्या भागातून पुष्कळ लोक जातात. त्या वर्षी निघण्याच्या आदल्या दिवशी दौलतने तो कागद माझ्या हातात दिला, आणि कागदात गुंडाळलेले पैसे. इथे सगळा हलका माल येते, नागपूर मोठं शहर हाय, तिथं भेटन, असे त्याचे म्हणणे. मी कागद खिशात घातला. तो स्टाफरूमच्या दारापर्यंत गेला आणि परत आला.

"सर, झगमगीत नाई, टिकाऊ. पाहून आणजा."

"अरे, आणतो."

"पाहून आणजा," तो पुन्हा म्हणाला. दौलत एक गोष्ट दोनदा सांगत नसे.

नागपूरला दोन दिवस होतो. गर्दीत हिंडलो, जुने मित्र भेटले, पुस्तकांच्या दुकानांपुढे तासन्‌तास उभा राहिलो. दोन्ही हातांत मावणार नाहीत इतकी पुस्तके घेतली. माणसाने शिकून वर यावे आणि मागे राहिलेल्यांना विसरू नये, असे त्यांतल्या एकदोन पुस्तकांच्या मलपृष्ठावरच छापलेले होते. मी ती एसटीत वाचीत आलो. पांढरकवडा गेले, पाटणबोरी गेले, पैनगंगेचा पूल गेला. आदिलाबादच्या बसस्टँडवर उतरून रुमाल काढायला खिशात हात घातला तेव्हा कागद हाताला लागला.

जैनथची शेवटची बस सुटायला थोडा वेळ होता. स्टँडसमोरच्या रस्त्यावर सायकलच्या सामानाचे एक दुकान उघडे होते. मी पुस्तकांचे गाठोडे काउंटरवर ठेवले आणि सायकलचा मागचा लाइट मागितला. दुकानदाराने हिंदीत विचारले, कैसा चाहिए? कागद खिशात होता. तो काढून वाचायचा, मग एकेक नग हातात घेऊन पाहायचा, याला पाव तास लागला असता. बसचा कंडक्टर शिट्टी वाजवीत होता. मी म्हणालो, कोई भी दे दो, अच्छा वाला. त्याने एक लाल खोका काढला, त्यावर रबरी शिक्का ठोकला, आणि मी तो पुस्तकांवर ठेवून धावलो.

दुसऱ्या दिवशी दौलत शाळेच्या फाटकातच उभा होता. मी खोका दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

"नागपूरचा ना, सर?"

मी खोटे बोलायचे ठरवले नव्हते. दिवसभराचा प्रवास, झोप झालेली नाही, आणि समोर तो असा उभा. नाही म्हटले असते तर पुढे सगळेच सांगावे लागले असते. मी "हो" म्हणालो. त्या एका अक्षराला मी इतक्या वर्षांत किती वेळा परत घेऊन पाहिले आहे, याचा हिशेब नाही.

त्याने खोका उलटा करून पाहिला. जरा वेळ पाहिला. मग आतला लाइट काढला, नखाने काचेवर टिचकी मारली, आत डोकावला. काच गुळगुळीत होती. तारा दोन होत्या, बोल्ट होता, अंगही पत्र्याचे होते; पण काच म्हणजे प्लास्टिकची लाल सपाट चकती. मला तेव्हा ते दिसलेही नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो, आणि त्याच्या तोंडावर काहीच नव्हते.

"चांगला हाय, सर," तो म्हणाला. "सरांनी आणला म्हणजे चांगलाच."

त्या दिवसापासून दौलतने तो लाइट सगळ्यांना दाखवला. नागपूरचा हाय, सरांनी खास आणला. आमचे हेडमास्तर उद्धवराव मिश्कील होते. ते व्हरांड्यातून म्हणाले, "काऊन रे दौलत, सायकलीले मागून नागपूरचं कुंकू लावलं काय? सासरी धाडून राह्यला?" सगळे हसले. दौलतही हसला आणि म्हणाला, "नागपूरचं हाय साहेब, धुतलं तरी जाणार नाई." मीही हसलो. आता ते हसणे आठवले की मला घरातल्या घरात उठून दुसऱ्या खोलीत जावेसे वाटते.

कारण त्याला ठाऊक होते. पहिल्या दिवशी, फाटकातच, खोका उलटा केला तेव्हापासून. ते मला वर्षभराने कळले.

नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी लाइट चालला. बयना जादा तासाला पहिल्या बाकावर बसे. गणितात ती माझ्या वर्गातली सर्वांत नेटकी मुलगी; उत्तर चुकले तरी पायऱ्या स्वच्छ. दौलत बाहेर व्हरांड्यात बसून आतले ऐके. एकदा मी एक उदाहरण सोडवताना चिन्ह चुकलो आणि बयनाने ते दाखवले, तेव्हा बाहेर त्याच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला आनंदाचा होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, साडेसातच्या सुमारास, टाकळीच्या फाट्याच्या अलीकडे सायकलची चेन उतरली. दौलत उतरला, बयना उतरली. ती मागे उभी राहून कॅरिअर धरून होती, तो खाली बसून चेन चढवत होता. चाक थांबले, तसा दिवाही थांबला. मागून सिमेंटची लॉरी आली. ड्रायव्हरला सायकल दिसली ती अगदी जवळ आल्यावर. त्याने गाडी वळवली, म्हणून दोघे वाचले. पण बाजूच्या फाळक्याची लोखंडी कडी बयनाच्या उजव्या हाताला लागली. कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हाडे मोडली.

तो ड्रायव्हर भला होता. त्याच लॉरीतून त्याने दोघांना आदिलाबादच्या दवाखान्यात नेले. पुढे तो दौलतला एवढेच म्हणाला, की भाई, पीछे कुछ भी लाल होता तो मैं दूर से देखता. त्याचा हा शब्द दौलतनेच मला सांगितला. तक्रार म्हणून नाही. काय घडले ते क्रमाने सांगताना तो मध्ये आला आणि त्याने गाळला नाही.

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. जाताना बसमध्ये वाक्ये जुळवत होतो. सांगायचे ठरवले होते: लाइट नागपूरचा नाही, मी कागद उघडला नाही, मी पाहिले नाही. बयना खाटेवर होती, हात प्लास्टरमध्ये. चंपाबाई पायथ्याशी बसलेली. तिने माझ्याकडे पाहून पदर सारखा केला. मी तोंड उघडणार तोच दौलत म्हणाला, "चूक माही हाय, सर. चेन पडली तवा गाडी रस्त्याखाली उतरवाले पाह्यजे होती. लाइटाचा काही दोष नाई."

त्याने माझ्यासाठी दार लावून घेतले, आणि मी ते उघडले नाही. मला सुटल्यासारखे वाटले, हे लिहायला हवे. बयना मोडलेला हात घेऊन पडली होती आणि मला सुटल्यासारखे वाटले.

मग बयनाच बोलली. तिला ताप होता, आवाज बारीक.

"सर, चाललेल्या गाडीले दिवा, आन् उभ्या गाडीले अंधार. मंग उभ्या माणसाले कोन पाह्यन?"

वर्गात हाच प्रश्न तिने विचारला होता आणि मी आकृतीकडे वळलो होतो. इथे वळायला फळा नव्हता. मी म्हणालो, बरी हो, मग सांगतो.

मार्चची परीक्षा गेली. डाव्या हाताने लिहायचा तिने प्रयत्न केला. पण दीड महिन्यात अक्षर येत नाही. वर्ष बुडाले. चंपाबाईने सांगून टाकले की आता रस्ता बंद. पाहुणे येऊ लागले. उमरीहून एक स्थळ आले, मुलगा रेल्वेत हंगामी कामावर. दौलतने त्यांना चहा पाजून परत पाठवले. दुसरे स्थळ आले, त्यांनाही. उन्हाळाभर त्या घरात नवरा-बायको एकमेकांशी बेताचेच बोलत होते, असे मला टाकळीच्या मुलांकडून कळे. मी तिकडे गेलो नाही. जायला मला काम काढता आले असते.

शाळा उघडल्यावर बयना घरीच अभ्यास करू लागली. पण नोव्हेंबरच्या जादा तासांशिवाय तिचे गणित सुटणार नाही, हे दौलतला माहीत होते, मलाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका शनिवारी तो स्टाफरूममध्ये आला. आदिलाबादला टपाल द्यायला जाऊन राह्यलो, म्हणाला. मग जरा उभा राहून:

"सर, तुमी पण चाला. लाइट घ्याचा हाय. तुमी पाहून द्या."

मी त्याच्याबरोबर गेलो. टपाल दिले. मी विचारले, कोणत्या दुकानात जायचे? तो बसस्टँडकडे चालू लागला. समोरच्या रस्त्यावर वळला. त्या दुकानापाशी येऊन पायरीवर चपला काढल्या. मी खालीच थांबलो. मी म्हणालो, "दौलत, हेच दुकान काऊन?" घाईत माझ्या तोंडून त्याचीच बोली आली.

तो वळला. आवाज न चढवता, रोज जसा परिपत्रक वाचून दाखवी तसाच, म्हणाला:

"खोक्यावर पत्ता होता, सर. तेलगूत."

रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत होते. मला त्या शिक्क्याचा आवाज आठवला. माझ्या डोळ्यांदेखत ठोकला होता तो. ज्या माणसाकडून मी सहा वर्षे तेलगू वाचून घेतली, त्याच्याच हातात मी तो तेलगू पत्ता दिला आणि वर "नागपूरचा" म्हणालो. अशी चूक माझ्यासारखाच माणूस करू शकतो, जो त्या अक्षरांकडे नक्षी म्हणून पाहतो, आणि अटेंडरकडे अटेंडर म्हणून.

"मग तू सगळ्यांना नागपूरचा म्हणून…"

"तुमी म्हनलं होतं ना," तो म्हणाला. "तुमाले खोटं कसं पाडू?"

मी काय बोलणार होतो ते त्याने थांबून ऐकले असते, असे आता वाटते. मी चपला काढू लागलो. तो म्हणाला, "दुकान वाईट नाई, सर. माल पाहावा लागते. या," आणि आत गेला.

दुकानदाराने मला ओळखले नाही. दौलतने तेलगूत विचारले. त्या माणसाने फळीवरून तीन लाइट काढून काउंटरवर मांडले. त्यांतल्या एकाला जाड लाल काच होती, आतून मधमाशीच्या पोळ्यासारखी पैलू-पैलूंची. अंग पत्र्याचे, मागे बोल्ट, तारा दोन. मी विचारले, हे नवीन आले आहे का? दुकानदार हिंदीत म्हणाला, नया कहाँ, चार-पाँच साल से रखते हैं.

म्हणजे मी दसऱ्याहून परतलो त्या संध्याकाळीही तो त्याच फळीवर होता. नागपूरला जायची गरजच नव्हती. खिशातला कागद काढून पाव तास उभे राहायची गरज होती.

दौलत बाजूला सरकला आणि लाइट माझ्यापुढे ढकलला. मी पाहिला. आयुष्यात कोणतीही वस्तू मी इतकी पाहिली नसेल. बोल्ट फिरवून पाहिला, काच अंगठ्याने दाबली, ती पत्र्यात घट्ट बसली आहे का पाहिले, तारांची टोके ओढून पाहिली. दारात जाऊन उन्हात धरला, मग सावलीत नेऊन दुकानदाराची बॅटरी मागितली आणि तिचा झोत टाकला. काच निखाऱ्यासारखी पेटली. दुकानदार कंटाळला. बाहेर जैनथची बस निघून गेली. दौलत स्टुलावर बसून पाहत होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

"घे," मी शेवटी म्हणालो. दुकानदाराने खोक्यावर शिक्का ठोकला. दौलतने तो खोका माझ्यासमोर धरला आणि अक्षरावर बोट ठेवून दाखवले: "हे 'आ', सर." मी त्या वयात त्या दिवशी पहिले तेलगू अक्षर शिकलो.

बयना पुढच्या मार्चला पास झाली, फर्स्ट क्लासमध्ये. नंतर टीचर ट्रेनिंग केले. आता उटनूरच्या बाजूला गोंड मुलांच्या शाळेत ती गणित शिकवते. तिचा उजवा हात मनगटापाशी किंचित वाकडा राहिला, फळ्यावर लिहिताना ओळ थोडी वर चढत जाते. हे मी तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाहिले आहे. लाइट दौलत निवृत्त झाला तोवर टिकला. तारा दोनदा बदलल्या, काच तीच. हे सगळे चांगले झाले. पण ते चांगले झाले म्हणून माझे ते एक अक्षर पुसले गेले असे मला म्हणता येत नाही. बयनाचे ते वर्ष तिचे होते, आणि मी तिला कधी सांगितले नाही. दौलतने सांगितले असेल असे वाटत नाही.

मला शेवटी सांगायची आहे ती नवा लाइट लावल्यानंतरची, जादा तासांची पहिली संध्याकाळ. चंपाबाईने अट घातली होती: आधी लाइट दिसतो का ते कोणीतरी मागून पाहावे, मग पोरगी जाईल. दौलतने मला सांगितले. मी माझी सायकल काढली आणि दोघांच्या मागे निघालो. फाट्याच्या अलीकडे, जिथे तो प्रकार घडला तिथेच, त्याने मला एका चिंचेखाली थांबवले आणि स्वतः पुढे गेला. दोनशे पावले गेल्यावर थांबला. बयना उतरली. चाक थांबले. त्याचा दिवा विझला, आणि पुढे काहीच दिसेना. सायकल नाही, माणूस नाही, मुलगी नाही.

मग माझ्या मागून लॉरी आली. तिचा उजेड माझ्या अंगावरून पुढे गेला, आणि रस्त्याच्या कडेला, जमिनीपासून दोन हात वर, एक लाल ठिपका उघडला. लॉरीने लांबूनच कड सोडली आणि ती त्यांना मोठी बगल देऊन गेली. अंधारातून दौलतचा आवाज आला:

"दिसते काय, सर?"

"दिसते," मी ओरडून सांगितले.

मग त्याने विचारले. इतक्या वर्षांत त्याने मला दिलेला हा एकच टोला, आणि तोही इतका सौम्य, की बयनाला तो साधा प्रश्नच वाटला असेल.

"पाहून सांगून राह्यले ना, सर?"

"हो," मी म्हणालो. "पाहून."